पैसे नाकारले, म्हणजे बिघाड? ऑटिझमच्या जमेच्या बाजूंविषयी

२०२१ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. त्यात भाग घेतलेल्यांपैकी काही जण ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न होते, काही नव्हते. सगळ्यांसमोर दोन प्रकारचे प्रस्ताव ठेवले होते. पहिल्यात स्वतःचे थोडे पैसे जाणार, पण एका चांगल्या कामाला मदत होणार. दुसऱ्यात स्वतःच्या खिशात पैसे येणार, पण त्याबरोबर एका वाईट कामालाही पैसा पोचणार. काही वेळा निर्णय घेताना कुणीतरी बघत होतं, काही वेळा कुणी नव्हतं. ऑटिस्टिक नसलेले लोक चारचौघांत एक वागले आणि एकटे असताना दुसरं. ऑटिस्टिक लोकांनी वाईट कामातून येणारा पैसा जास्त वेळा नाकारला, आणि कुणी बघतंय की नाही याचा त्यांच्या वागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

आपल्याकडे अशा माणसाला सरळमार्गी म्हणतात, फार तर अव्यवहारी. शोधनिबंधात मात्र याची नोंद उणीव म्हणून झाली होती: स्वतःचा फायदा होत असतानाही नियमाला चिकटून राहण्याचा ताठरपणा, आणि वाममार्गाने येणाऱ्या पैशाबद्दल नको इतकी काळजी. यावर टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती. कुणी बघत नसताना चिरीमिरी खिशात घालणं हे धडधाकट मेंदूचं लक्षण, असाच त्याचा अर्थ निघत होता.

ऑटिस्टिक माणसं इतरांपेक्षा नीतिमान असतात असं मी म्हणत नाही. एका प्रयोगावरून तसं म्हणताही येणार नाही. पण ऑटिझमच्या संशोधनाला लागलेली एक जुनी खोड इथे उघडी पडते. फरक दिसला की तो आधी उणे बाजूला मांडायचा, आणि मग स्पष्टीकरण शोधायचं. या लेखात त्याच फरकांकडे जरा नीट बघू. गोड गोड बोलायचं नाही, कारण ऑटिझममुळे होणारा त्रास खरा असतो आणि ज्या घरात तो आहे तिथे तो कुणी समजावून सांगायची गरज नसते. पण त्रास देणारी गोष्ट आणि ताकद देणारी गोष्ट बऱ्याचदा एकच असते, हे मात्र फार कमी सांगितलं जातं.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. आईवडिलांच्या वागण्याने होत नाही, लसीने होत नाही, मोबाईलने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. निदान करताना मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. इतरांशी संवाद साधण्याची, नजरेची, हावभावांची तऱ्हा वेगळी आहे का. आणि त्याच त्या कृती, ठरावीक क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाची तीव्र ओढ, आवाज-स्पर्श-उजेड यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद असं काही आहे का. या वर्णनात न बोलणारा आणि दिवसभर सोबत लागणारा मुलगा बसतो, आणि विद्यापीठात शिकवणारी प्राध्यापक बाईही बसते. म्हणून यापुढे जे लिहिलं आहे ते प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला सारखं लागू पडेल असं धरून चालू नये.

तुकडे आधी, चित्र नंतर

लंडनमध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ या दोघींनी १९८३ मध्ये ऑटिस्टिक मुलांना एक जुनी चाचणी दिली. एका रंगीत चित्रात, समजा बाळाच्या गाडीच्या चित्रात, एक त्रिकोण दडलेला असतो. तो शोधायचा. बहुतेक मुलांना आधी गाडी दिसते, आणि एकदा ती दिसली की तिच्यातला त्रिकोण सापडेनासा होतो. ऑटिस्टिक मुलांनी तो बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा चांगला शोधला. दहा वर्षांनी याच दोघींनी ठोकळ्यांची चाचणी घेतली. कागदावरची नक्षी बघून रंगीत ठोकळ्यांनी तशीच नक्षी जुळवायची. कागदावरची नक्षी आधीच ठोकळ्यांएवढ्या तुकड्यांत तोडून दिली तर सगळ्यांचं काम सोपं होतं. ऑटिस्टिक मुलांना मात्र या मदतीचा फारसा उपयोग झाला नाही, कारण नक्षीचे तुकडे त्यांना तसेही दिसतच होते.

याला पहिल्यांदा जे नाव मिळालं तेही उणेपणाचंच होतं: समग्र चित्र जुळवण्याची क्षमता दुबळी आहे. माँट्रियलचे मानसोपचारतज्ज्ञ लोराँ मोत्राँ यांनी पुढे उलट बाजूने मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की मोठं चित्र या लोकांनाही दिसतं, पण बारकावे टिपणारी यंत्रणा इतकी तल्लख असते की ती आधी पुढे येते. या दोन मांडण्यांमधला वाद अजून मिटलेला नाही. पण बारकावे टिपण्याबद्दल फारसं दुमत नाही. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा नऊ महिन्यांच्या बाळांना एकसारख्या अक्षरांच्या गर्दीत वेगळं अक्षर दाखवलं, तेव्हा ज्यांची नजर पटकन तिकडे गेली त्यांच्यात पुढे ऑटिझमची लक्षणं जास्त दिसली. हा निष्कर्ष २०१५ चा आहे. नऊ महिन्यांचं बाळ, म्हणजे बोलणं सुरू व्हायच्या आधीच हा फरक नजरेत आलेला असतो.

कानाचंही तसंच. स्वर ऐकताक्षणी, दुसऱ्या स्वराचा आधार न घेता, तो कुठला हे ओळखणारे लोक एकूण लोकसंख्येत फार थोडे. ऑटिस्टिक लोकांत त्यांचं प्रमाण जास्त आढळतं. लंडनच्या अॅना रेमिंग्टन यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: एका कामावर लक्ष असतानाही आजूबाजूचे जास्त आवाज, जास्त हालचाली ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूत शिरतात. आपण याला ‘लक्ष विचलित होतं’ म्हणतो. रेमिंग्टन यांच्या मते ही एकाच वेळी जास्त माहिती घेण्याची क्षमता आहे. हातातलं काम सोपं असलं की उरलेली जागा इतर गोष्टींनी भरते. तेव्हा वर्गात चुळबुळ करणाऱ्या एखाद्या मुलाला सोपं काम देण्याऐवजी अवघड काम देऊन बघायला हरकत नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. ‘याला जमत नाही’ म्हणून त्याला आणखी सोपं, आणखी कंटाळवाणं काम मिळतं.

आता याचीच दुसरी बाजू. हार्मोनियमचा एक स्वर किंचित उतरलाय हे ज्या कानाला कळतं, त्याच कानावर शेजारच्या घरातला मिक्सर, कुकरची शिट्टी आणि मिरवणुकीतला ढोल येऊन आदळतो. ज्या नजरेला हिशेबाच्या वहीतला एक चुकलेला आकडा दिसतो, तिला ट्यूबलाइटची थरथरही दिसते. गणवेशाच्या कॉलरचं लेबल तुम्हाआम्हाला सकाळी दोन मिनिटं जाणवतं आणि मग विसरायला होतं. या मुलाला ते शाळा सुटेपर्यंत जाणवत राहतं. आवाज कमी करणारे हेडफोन घालून मूल शांत बसत असेल तर ते नखरे करत नाही. डोंगराच्या टोकावर राहणाऱ्याने वारा लागतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, इतकी ती साधी गोष्ट आहे.

जाता जाता एक सावधगिरी. २००९ मध्ये ऑटिस्टिक लोकांची दृष्टी शिकारी पक्ष्यांइतकी तीक्ष्ण असते असा दावा प्रसिद्ध झाला होता. मोजणीच्या पद्धतीतच गोम आहे हे लवकरच दाखवून दिलं गेलं, आणि पुढच्या काळजीपूर्वक केलेल्या तपासणीत तसं काही आढळलं नाही. चांगलं वाटतं म्हणून प्रत्येक बातमी खरी मानू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

एकाच गोष्टीत बुडून जाणं

एखाद्या मुलाला लोकलचं सगळं वेळापत्रक पाठ असतं. कुठली फास्ट कुठे थांबत नाही, कुठली गाडी किती डब्यांची, सगळं. दुसऱ्याला पंखे. तिसरीला देशांचे झेंडे, किंवा सापांच्या जाती, किंवा एसटीच्या आगारांची नावं. अहवालात याला ‘मर्यादित आवडीनिवडी’ म्हणतात, आणि कुटुंबात ‘वेड’.

२००५ मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी याचा एक उलगडा मांडला. त्यांच्या मते ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर असतं, पण जिथे असतं तिथे सगळंच्या सगळं असतं. इतरांचं लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी वाटलेलं असतं: समोरचा काय बोलतोय, त्याचा चेहरा काय सांगतोय, मागे कोण आलं, आपण कसे दिसतोय. ऑटिस्टिक माणूस एका विषयात असतो तेव्हा बाकीचे विषय जवळजवळ बंद असतात. म्हणूनच हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि मध्येच उठवलं की मूल कोसळल्यासारखं रडतं. त्याला खोलातून एकदम वर ओढून काढलेलं असतं. पाच मिनिटं आधी सांगितलं, पुढे काय होणार ते चित्राने दाखवलं, तर तेच मूल बऱ्याचदा स्वतःहून बाहेर येतं.

अशा बुडण्यातून काय मिळतं? एक तर ज्ञान, आणि तेही फार पक्कं. पण त्याहून आधी आनंद. ऑटिझमवरच्या लिखाणात हा शब्द क्वचित येतो म्हणून मुद्दाम लिहितो. आवडत्या गोष्टीजवळ हात फडफडवणारं, उड्या मारणारं मूल बघून मोठी माणसं ओशाळतात, हात धरून ठेवतात. बऱ्याच ऑटिस्टिक प्रौढांनी लिहून ठेवलं आहे की ते हलणं कधी ताण उतरवण्यासाठी असतं आणि कधी निव्वळ आनंदाचं. फिरत्या पंख्याकडे बघून इतकं खूश होता येणं ही काही वाईट देणगी नाही. आपल्याला त्यासाठी महाबळेश्वर गाठावं लागतं.

शाळेत या ओढीचा उपयोग होऊ शकतो. वेळापत्रकातून बेरीज-वजाबाकी, अंतर, वेग, अपूर्णांक, नकाशा, एवढंच काय निबंधसुद्धा शिकवता येतो. तरीही बऱ्याच ठिकाणी आवडीचा विषय बक्षीस म्हणून लपवून ठेवतात किंवा ‘फार झालं’ म्हणून तोडतात. माझ्या मते हा शिकवण्यातला सगळ्यात मोठा अपव्यय आहे. पाटाचं पाणी आपणहून एका वाफ्याकडे जोरात धावतंय, तर शहाणा शेतकरी त्या वाफ्यात आधी पेरतो.

मोजपट्टी कुठली?

मोत्राँ यांच्या गटात मिशेल डॉसन नावाच्या संशोधक आहेत. त्या स्वतः ऑटिस्टिक. पूर्वी कॅनडाच्या टपाल खात्यात पत्रं वाटण्याचं काम केलेल्या. त्यांच्या नावाने २००७ मध्ये आलेला अभ्यास या क्षेत्रात फार गाजला. ३८ ऑटिस्टिक मुलांना बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्या दिल्या. एक वेक्सलरची, जिच्यात परीक्षक समोर बसून तोंडी प्रश्न विचारतो आणि बरंचसं भाषेवर, सामाजिक माहितीवर अवलंबून असतं. दुसरी रेव्हनची, जिच्यात आकृत्यांचा क्रम ओळखून रिकाम्या चौकटीत काय येईल ते निवडायचं. ऑटिस्टिक नसलेल्या मुलांचे दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले. ऑटिस्टिक मुलांचे मात्र रेव्हनच्या चाचणीत सरासरी ३० पर्सेंटाइल वर गेले, म्हणजे शंभर मुलांत आणखी तीस जणांच्या पुढे. वेक्सलरप्रमाणे एक तृतीयांश मुलं बौद्धिक अक्षमतेच्या गटात पडत होती. रेव्हनप्रमाणे वीसांत एक.

नंतरच्या काही अभ्यासांत ही दरी इतकी मोठी निघाली नाही, त्यामुळे प्रत्येक मुलात लपलेला हुशार विद्यार्थी शोधायची घाई नको. पण ज्या मुलाला बोलायलाच अवघड जातं त्याची बुद्धी तोंडी परीक्षेने मोजली, तर आकडा बोलण्याचा येईल की बुद्धीचा? हा प्रश्न कुठल्याही पालकाने तपासणीच्या वेळी विचारावा असा आहे.

आपल्या देशातही एक मोजपट्टी आहे, ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० किंवा वर गेली की ऑटिझम. जितके गुण जास्त तितकी तीव्रता जास्त. या चाळिसांतले शेवटचे दोन मुद्दे बघा: एक प्रकारची असाधारण स्मरणशक्ती असणं, आणि एखादी विलक्षण कला किंवा गणिती क्षमता असणं. म्हणजे मुलाची स्मरणशक्ती अफाट असेल तर त्याचं अपंगत्व वाढतं. निदानाच्या दृष्टीने यात तर्क आहे, कारण या गोष्टी ऑटिझममध्ये जास्त आढळतात. तरी कागद हातात घेऊन बसलेल्या आईला कुणी एवढं सांगितलं तर बरं, की बाई, ही बेरीज सगळी उणेपणाची नाही.

साखळी, सावली आणि गुरं

टेंपल ग्रँडिन यांचं नाव ऑटिझमच्या चर्चेत इतक्यांदा येतं की ते टाळावं असं वाटलं होतं. पण क्षमता आणि अडचण एकाच मुळातून येतात हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत जन्म. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलणं नाही. त्यांना संस्थेत ठेवा असं सुचवलं गेलं. आईने ऐकलं नाही. किशोरवयात प्रचंड घाबरेपणा. एका उन्हाळ्यात त्या अॅरिझोनात मावशीच्या गुरांच्या रँचवर गेल्या. तिथे लस टोचण्यापूर्वी गुरांना दोन बाजूंनी दाबून धरणारा लोखंडी पिंजरा होता. त्यात काही जनावरं दाबाने शांत होतात हे त्यांनी पाहिलं, आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. माणसाच्या मिठीचा स्पर्श त्यांना सहन होत नसे, पण आपल्या हातात नियंत्रण असलेला खोल दाब हवा असे.

पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. कत्तलखान्यांत आणि गोठ्यांत गुरं मध्येच अडून बसत, मग त्यांना विजेची कांडी लावून पुढे ढकललं जाई. ग्रँडिन वाकून स्वतः त्या अरुंद वाटेतून चालत गेल्या. गुरांच्या नजरेच्या उंचीवरून त्यांना दिसलं काय? लटकणारी साखळी. कुंपणावर टाकलेला कोट. डबक्यातली चकाकी. जमिनीवर आडवी पडलेली सावली. तिथे रोज काम करणाऱ्या माणसांना यातलं काही दिसत नव्हतं, कारण त्यांच्या मेंदूने ते ‘बिनमहत्त्वाचं’ म्हणून कधीच गाळून टाकलेलं. ग्रँडिन यांच्या मेंदूने गाळलं नाही. त्यांनी वळणावळणाच्या वाटा, बंद भिंती आणि बिनदुखापतीची यंत्रणा आखली. उत्तर अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या गुरांची हाताळणी त्यांनी आखलेल्या यंत्रणेतून होते, असं सांगितलं जातं.

यात आईचा हट्ट, बोलायला शिकवणाऱ्या बाई, मावशीची रँच आणि शाळेतले एक विज्ञानशिक्षक यांचा वाटा मोठा होता. शिक्षकांनी त्या यंत्राची चेष्टा केली नाही. ते का काम करतं हे तू प्रयोग करून शोध, असं सांगितलं. हे सगळे नसते तर तीच नजर केवळ ‘क्षुल्लक गोष्टींनी अस्वस्थ होते’ अशा शेऱ्यात संपली असती.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात २४ ऑटिस्टिक प्रौढांना त्यांच्या क्षमतांबद्दल विचारलं गेलं. एकाग्रता, बारकावे, स्मरणशक्ती, कल्पकता ही उत्तरं आली. पण जवळपास प्रत्येक क्षमतेबद्दल एक पुस्ती होती: अमुक परिस्थितीत ती कामाला येते, तमुक परिस्थितीत तीच छळते. हवामानबदलावर आंदोलन करणाऱ्या ग्रेटा थुनबर्ग याही ऑटिस्टिक; त्यांनीही वेगळं असणं ही सुपरपॉवर आहे असं म्हटलं, तेव्हा आधी ‘योग्य परिस्थिती असेल तर’ ही अट घातली होती. पोस्टरवर ती अट छापत नाहीत.

सरळ बोलणारी माणसं

ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, ही समजूत खोल रुजलेली आहे. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, एक साधा प्रतिप्रश्न केला. इतरांना ऑटिस्टिक माणसाचं मन कळतं का? कळत नसेल तर अडचण दोन्हीकडची आहे, मग ती एकाच्याच नावावर का?

एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ जणांची साखळी, पहिल्याने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. पुढे बऱ्याच जास्त लोकांवर हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली गळती तशी दिसली नाही. पण ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडतात, हे दोन्ही वेळा खोटं ठरलं. आपापसांत ती व्यवस्थित बोलतात. फक्त त्या बोलण्यात ‘बघू’, ‘येऊन जा कधीतरी’, ‘तसं काही नाही’ या वाक्यांचा भरणा कमी असतो. जेवून जा म्हटलं की ती जेवायलाच बसतात. कामावर अशा सहकाऱ्याचा फायदा कळायला वेळ लागतो, पण एकदा कळला की बैठकीत सगळे त्याच्याकडे बघतात, कारण योजना फसणार असेल तर तो तसं म्हणतो.

शब्दांच्या मांडणीला न भुलणं हेही यातच येतं. २००८ च्या एका प्रयोगात लोकांना ५० पौंड दिल्याचं सांगितलं. मग एका वेळी ‘यातले २० ठेवा’ किंवा जुगार खेळा, आणि दुसऱ्या वेळी ‘यातले ३० गमवा’ किंवा जुगार खेळा, असा पर्याय दिला. हिशेब एकच. तरी ‘गमवा’ म्हटलं की लोक जास्त जुगार खेळतात. ऑटिस्टिक लोकांवर या शब्दबदलाचा परिणाम कमी झाला. एमआरपीवर फुली मारून खाली लाल अक्षरात लिहिलेली किंमत ज्यांच्यासाठी असते, त्यात ही मंडळी जरा कमी सापडतात म्हणायची. अर्थात तोंडावर गोड खोटं बोलून फसवणाऱ्या माणसापुढे हाच सरळपणा धोक्याचा ठरतो. मुलांना, विशेषतः मुलींना, हे वेगळं शिकवावं लागतं.

चमत्काराची अपेक्षा

स्टीफन विल्टशायर हे लंडनचे ऑटिस्टिक चित्रकार. २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून टोकियो पाहून आले आणि आठवणीतून दहा मीटर लांबीचं शहराचं चित्र काढलं. अशा असाधारण क्षमता ऑटिस्टिक लोकांत इतरांपेक्षा बऱ्याच जास्त आढळतात. तरी बहुसंख्य ऑटिस्टिक माणसांत त्या नसतात. अफाट स्मरणशक्तीचा ऑटिस्टिक माणूस दाखवणाऱ्या १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटानंतर जगभरच्या पालकांना ‘मग याला काय विशेष येतं?’ हा प्रश्न ऐकावा लागला. गंमत अशी की ज्या किम पीक यांच्यावरून त्या चित्रपटाची कल्पना सुचली, ते पुढे ऑटिस्टिक नसल्याचं मानलं गेलं.

जमेच्या बाजूंची चर्चा इथे घसरू शकते. काहीतरी विशेष येत असेल तर माणूस स्वीकारण्याजोगा, नाहीतर ओझं, असा व्यवहार त्यातून तयार होतो. बोलू न शकणारी, कपडे घालायला मदत लागणारी वीस वर्षांची मुलगी सॉफ्टवेअर तपासणार नाही. तिलाही आवड असते, विनोद कळतो, पावसाची सर आली की ती खिडकीशी जाते, आणि चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून ‘चहा नको, ताक’ सांगते. ती पाटी हाताशी असणं हा तिचा हक्क आहे. त्याबदल्यात तिने काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

नोकऱ्यांचंही तसंच तारतम्याने बघावं लागतं. डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन यांनी मुलाच्या निदानानंतर २००४ मध्ये ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी काढली, ऑटिस्टिक लोकांना सॉफ्टवेअर चाचणीची कामं देण्यासाठी. नेहमीच्या मुलाखतीत हे उमेदवार हमखास नापास होतात, कारण तिथे काम कमी आणि नजरेला नजर देणं जास्त तपासलं जातं. सोन यांनी उमेदवारांना लेगोच्या ठोकळ्यांचे यंत्रमानव बनवायला बसवलं. ‘सॅप’ या जर्मन कंपनीने ऑटिस्टिक कर्मचाऱ्यांचा जागतिक उपक्रम २०१३ मध्ये जाहीर केला, आणि त्याची सुरुवातीची चाचणी झाली होती बंगळुरूच्या कार्यालयात. चांगलं आहे. पण सगळ्यांना संगणक आवडत नाही. कुणाला रोपवाटिका आवडेल, कुणाला बेकरी, कुणाला ग्रंथालयात पुस्तकं क्रमाने लावणं. आणि ब्रिटनसारख्या देशातही, २०२४ च्या बकलँड अहवालानुसार, काम करण्याच्या वयातल्या दहा ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण तिघांनाच नोकरी आहे. यात कौशल्य कमी असण्यापेक्षा दार अरुंद असण्याचा भाग मोठा आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आला आणि सरकारी नोकरीत बौद्धिक व मानसिक अपंगत्वांसह एकत्रित एक टक्का जागाही राखल्या गेल्या. त्या भरायच्या तर निवडीची पद्धत बदलावी लागेल.

घरी सुरुवात करायची तर फार काही लागत नाही. मुलाला कशाने त्रास होतो आणि कशाने बरं वाटतं याची एक वही ठेवा, तीन-चार आठवडे. कुठल्या वेळी, कुठल्या जागी, कुठल्या आवाजात. सूचना सरळ द्या. ‘नीट बस’ ऐवजी ‘खुर्चीवर बस, पाय खाली’. नजरेला नजर दे म्हणून हनुवटी धरू नका, इकडे न बघताही ऐकता येतं. दिवसभर ‘सगळ्यांसारखं’ वागून दाखवणारं मूल घरी आल्यावर फुटत असेल तर ते शाळेत चांगलं आणि घरी वाईट नाही; दमलेलं आहे. आणि थेरपिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एक विचारा: याला काय आवडतं ते तुम्हाला माहीत आहे का, आणि आतापर्यंतच्या सत्रांत ते कुठे वापरलंत? उत्तर नुसतंच ‘ती सवय आपण कमी करतोय’ असं आलं, तर दुसऱ्या थेरपिस्टचा नंबर मिळवायला लागा.